पुढची फळी

१

खिळा रिकामा होता.

रंगपटाच्या दारामागच्या त्या खिळ्यावर वर्षभर एक बुटांचा जोड लटकत होता. काळे, टाचेशी झिजलेले, नाड्यांची एकमेकांशी गाठ मारलेली. तळाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या. टॅप नाचणाऱ्यांचे बूट असेच असतात. पायात घातले की माणूस चालत नाही, वाजतो. बूट थोरलीचे होते आणि थोरली जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना कुणी हात लावत नसे. केर काढणारीसुद्धा तिथून झाडू जपून फिरवायची.

आमची कंपनी म्हणजे मूठभर माणसं. थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी नाचायच्या. थोरलीचा नवरा पियानो वाजवतो. धाकटी त्यांना भावोजी म्हणते म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. ड्रमवर एक तरुण गडी आहे, ढमढम. हे नाव त्याच्या वाजवण्यावरून पडलं की बोलण्यावरून, ते विचारू नका. आणि मी गोष्ट सांगतो. मी बोलायचं, त्यांनी नाचायचं, यांनी वाजवायचं, आणि सगळं मिळून एक गोष्ट व्हायची, असा आमचा खेळ. मला सगळे काका म्हणतात. आवाज सोडला तर माझ्यात घेण्यासारखं काही नाही असं बायको म्हणते, आणि तो तरी कुठे बंद होतो, असंही तीच म्हणते.

थोरली गेल्यावर कंपनी बंद पडली होती. आता धाकटीने कंबर कसली होती. नाट्यगृह तेच, गोष्ट तीच, थोरलीच्या जागी धाकटी. तालमी सुरू होऊन आठवडा होत आला होता, आणि आज खिळा रिकामा.

"काका, तुम्ही काढलेत?" धाकटीने विचारलं.

"मी कशाला हात लावू, बाळ?"

ढमढमने कानावर हात ठेवले. भावोजी खिळ्याकडे बघत राहिले आणि काही न बोलता पियानोकडे गेले. ते वर्षभर असेच होते, मोजून मापून बोलणारे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

दुपारी जेवायला सगळे बाहेर पडले आणि किल्लीवाल्या आजोबांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं. मी चष्मा आत विसरलो होतो. आजोबांकडून किल्ली घेऊन मी आणि धाकटी परत आलो. कुलपाला किल्ली लावणार तोच आतून आवाज आला.

टक. टक-टक. टक... चिर्र.

थोरलीच्या डाव्या टाचेच्या पट्टीचा एक स्क्रू ती मुद्दाम ढिला ठेवायची. त्यामुळे पाऊल पडल्यावर मागून बारीकशी चिर्र यायची. "सगळ्यांचे पाय वाजतात, माझा सही करतो," असं म्हणायची. ती सही जगात दुसऱ्या कुणाची नव्हती.

पावलं मंचाच्या पुढच्या काठाकडून येत होती. प्रत्येक पावलाखाली ढब्ब, असा जड घुमारा होता. मग ती थांबली. बराच वेळ थांबली. धाकटीने माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला. मी किल्ली फिरवली आणि दार ढकललं. ते दार उघडताना असं किंचाळतं की झोपलेलं पोर उठावं.

आत एक दिवा जळत होता. त्याच्या उजेडात अख्खा मंच दिसत होता, आणि मंचावर कुणी नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी आम्ही दोघं दाराशी आधीच उभे होतो. मला घरी जायचं होतं हे कबूल करतो, पण धाकटी हलेना.

पावलं तीच, सही तीच. आवाज मात्र वेगळा. काल ढब्ब-ढब्ब घुमत होता, आज नुसता कोरडा टक-टक. आणि पुन्हा तशीच थांबली.

"काल ती रागावली होती," धाकटी पुटपुटली. "आज रडून रडून कोरडी झालीय."

आत गेलो तर मंच रिकामाच. मी हातातला चहाचा कप पियानोच्या उघड्या झाकणावर टेकवला आणि पहिल्या रांगेत अंग टाकलं. एरवी त्या पियानोवर जाडजूड रजया असतात. तालीम संपली की भावोजी लेकराला पांघरूण घालावं तसा त्याला झाकतात, आणि कुणी त्यावर कप ठेवला तर त्याची खैर नसते. त्या दिवशी झाकणावर कपाचं कडं उमटलं तरी ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

धाकटी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, ती मला विचारतेय. मी उत्तर देईपर्यंत ती जायची नाही."

इथे आमच्या खेळाची सुरुवात सांगायला हवी. पडदा वर जातो पण दिवे लागत नाहीत. मिट्ट काळोखात थोरली मागच्या भिंतीपासून नाचत पुढे यायची. लोकांना दिसायचं काहीच नाही, नुसती पावलं ऐकू यायची. मध्ये ती थांबायची, तेव्हा विंगेतून धाकटी आपल्या बुटांनी उत्तर द्यायची. शेवटी दिवा लागायचा आणि थोरली अगदी काठावर उभी दिसायची. समोर जुन्या काळचा वादकांचा खड्डा, पुरुषभर खोल, त्यात उतरायला दगडी पायऱ्या. लोकांच्या छातीत धस्स व्हायचं. मग मी गोष्ट सुरू करायचो.

गेल्या वर्षी दिवा लागला तेव्हा काठावर कुणी नव्हतं. ती त्या पायऱ्यांवर पडली होती.

"त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही," धाकटी म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणी तोंडावर बोलत नाही, एवढंच."

खरं होतं. आम्हाला माहीत होतं. भांडणही आमच्यासमोरच झालं होतं. त्या सकाळी धाकटी अंधाराचा प्रवेश मलाही करायचाय म्हणून हटून बसली होती, आणि थोरली सगळ्यांदेखत तिला म्हणाली होती, "पुढची फळी बोलली की थांबायचं. एवढं शीक, मग पुढचं बघू."

"म्हणजे थोरल्यांनी बोलायचं आणि मी गप्प बसायचं," धाकटी म्हणाली. "मी दुसरी फळी ना! म्हटलं, बरं, थांबते. आणि अंधारात थांबलेच. तिने पावलांनी विचारलं, मी मुद्दाम गप्प. माझ्या उत्तराच्या अंदाजाने ती काठ ओळखत असणार, काका. मी तिला खड्ड्यात ढकललं. हात न लावता."

मी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला.

"तिला तिची जागा परत हवीय," धाकटी उठत म्हणाली. "देते. रविवारी खेळ नाही. मी बूट कायमचे उतरवतेय."

"उतरव की," मागून खरखरीत आवाज आला. "पण आधी दुसऱ्या बुटांचा पत्ता लागू दे."

दारात काठी टेकून त्या दोघींची आत्या उभी होती. सबंध आयुष्य पोलीस खात्यात काढलेली बाई. गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही. मी आदल्या संध्याकाळी तिला फोन केला होता.

"आत्या, तू हसशील, पण ती ताई आहे," धाकटी म्हणाली.

"मी कशाला हसू? असेलही. एवढंच सांग, भुताला बूट चोरायची गरज काय पडली?"

३

आत्याबाईंनी चौकशी म्हणजे चहा पीत गप्पा, अशी सुरू केली. मला शेजारी बसवून घेतलं. "गोष्टवाले, तुम्ही बसा. मध्ये बोलू नका, तुम्हाला जड जाईल, पण बोलू नका."

आधी ढमढम आला. त्याच्या पँटचे दोन्ही गुडघे धुळीने माखले होते. आत्याबाईंची नजर तिथे गेली आणि लगेच त्याच्या तोंडावर आली.

"थोरलीशी तुझं पटायचं नाही म्हणे."

"पटायचं, आत्याबाई. लयीवरून वाजायचं, बाकी पटायचं. त्या म्हणायच्या मी धावतो, मी म्हणायचो त्या रेंगाळतात. पण नाचावं त्यांनीच!"

"पडली तेव्हा तू कुठे होतास?"

"ड्रमपाशी. अंधारात." तो घुटमळला. "एक सांगू? त्यांची शेवटची दोन-तीन पावलं इतकी स्वच्छ वाजली होती! एरवी पुढे आल्या की आवाज घुमायचा. त्या दिवशी काचेसारखी पावलं. मी मनात म्हटलं, आज ताई कमाल करतायत. आणि मग..."

गुडघ्यांवरची धूळ झटकत तो निघून गेला.

"हा खड्ड्यात उतरलेला दिसतो," आत्याबाई मला म्हणाल्या. "तिथली धूळ अशीच पांढरी आहे, मघाशी बघितली मी."

मग भावोजी आले. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांवर चिकटपट्ट्या होत्या.

"जावईबापू, हाताला काय झालं?"

"पियानोची एक तार बदलली. घासलं."

मला नवल वाटलं. बोटांना जपण्यापायी कांदा चिरायलासुद्धा न धजणारा हा माणूस.

"बुटांबद्दल काही सांगाल?"

"ते तिचे होते," ते म्हणाले. मग चिकटपट्टी चाचपत, "धाकटीला सांगा, खेळ सोडू नकोस."

"तुम्हीच सांगा की. तुमची मेहुणी आहे."

त्यांनी मान खाली घातली. "माझ्याच्याने नाही होत."

शेवटी आत्याबाई माझ्याकडे वळल्या. मी जे ऐकलं ते सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचा घुमारा, दुसऱ्या दिवसाचा कोरडेपणा, मधलं ते थांबणं. वहावत जाऊन कपाचं कडंसुद्धा सांगितलं.

"तुम्ही आवाजाचं खाता, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "पावलं सुरू होण्याआधी काय ऐकलंत?"

"काहीच नाही."

"नीट आठवा."

"खरंच काही नाही, आत्याबाई. एकदम पावलंच."

त्या काठी टेकत उठल्या. "मग मला मंचावर नेऊन सोडा. एक गंमत बघायची आहे."

४

आमच्या मंचाचा पुढचा पट्टा नंतर जोडलेला आहे. खाली पोकळी, वर फळ्या. तो जिथे जुन्या मंचाला मिळतो तिथे एक लांबच लांब फळी या विंगेपासून त्या विंगेपर्यंत गेली आहे. तिच्यावर मांजराने पाय दिला तरी ती करकरते. तिला चुकवून पुढे जाताच येत नाही. ढमढमने तिचं नाव सासूबाई ठेवलं आहे. तालमीत कुणी पुढे सरकलं की तो हमखास म्हणतो, "सासूबाई बोलल्या!"

आत्याबाईंनी मला मागून पुढे चालवलं. करर्र. मग धाकटीला टाचा उचलून चालायला लावलं. करर्र. मग विंगेच्या कडेने. तिथेही करर्र.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "तुमचं भूत पुढच्या काठावर दोनदा नाचलं. सासूबाई एकदा तरी बोलल्या का?"

नव्हत्या बोलल्या.

"भुताला वजन नसतं, आत्या," धाकटी हलकेच म्हणाली. "मी तेच सांगतेय तुला."

"नसेल. किंवा ते मंचावर आलंच नसेल." आत्याबाई काठाशी गेल्या आणि खड्ड्याकडे काठी दाखवली. "त्या वरच्या पायरीवर उभं राहिलं की मंचाच्या काठावर हात पोचतात. बुटात पाय घालायला हवेत असं कुठे आहे? हात घालता येतात. दार किंचाळलं की खाली वाकायचं. खड्ड्यातून मंचाखाली जायला छोटं दार आहेच."

मी ढमढमच्या गुडघ्यांचा विचार करत होतो. आणि हातांनी वाजवणं हा तर त्याचा धंदाच. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण आत्याबाई म्हणाल्या, "गोष्टवाले, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. उद्या दुपारी सगळे बाहेर ओट्यावर बसून जेवू. भूत जेवायला येतं का बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर डबे उघडले. ढमढम माझ्यासमोरच बसला होता, आणि माझं त्याच्या डब्यापेक्षा त्याच्या हातांकडे लक्ष होतं. भावोजी डोकं दुखतंय म्हणून मंचामागच्या त्यांच्या खोलीत पडायला गेले होते. आजोबांनी कुलूप घातलं.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच आतून आलं. टक. टक-टक... चिर्र.

ढमढमच्या हातातला घास डब्यात पडला. त्याचे डोळे पांढरे झाले. माझा संशयित माझ्यासमोर बसून थरथरत होता आणि थोरली आत नाचत होती.

मी किल्लीकडे झेपावलो. आत्याबाईंनी काठी आडवी घातली. "दार नको. ऐका फक्त. आवाज कसला आहे?"

"कोरडा," मी म्हटलं.

"घुमत नाही?"

"अजिबात नाही."

"मग एक सांगते, आणि मग दार उघडू." त्यांचा आवाज उतरला होता. जिंकलेल्या माणसासारखा तो नव्हता. "आत पियानो उघडा असणार. त्यावर रजया नसतील."

दार किंचाळलं. मंच रिकामा होता. कडेला पियानो उघडा होता, आणि झाकणावर माझ्या कपाचं कडं स्पष्ट दिसत होतं.

५

"जावईबापू," आत्याबाईंनी पहिल्या रांगेत बसत हाक मारली, "वर या. खाली धूळ फार आहे."

मग खड्ड्यातलं छोटं दार वाजलं आणि भावोजी पायऱ्या चढून आले. दोन्ही हातांत थोरलीचे बूट होते. हातमोजे घालावे तसे घातलेले. ते काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

धाकटीच्या तोंडून निघालेला आवाज मी विसरणार नाही. "तुम्ही? भावोजी, तुम्ही मला घाबरवत होतात?"

"नाही ग," ते म्हणाले. "तू तिथे असशील हे मला ठाऊकच नव्हतं."

"मग कशाला हे?"

आत्याबाई बोलल्या.

"तेच बूट, तीच जागा, तेच हात. तरी एक दिवस आवाज घुमतो आणि एक दिवस कोरडा येतो. म्हणजे बदललं ते फळ्यांच्या खाली. पोकळीत कुणी काहीतरी कोंबत होतं आणि काढत होतं. ज्या दिवशी आवाज कोरडा, त्या दिवशी पियानोच्या रजया जागेवर नाहीत. आणि त्या रजयांना जावईबापूंखेरीज कोण हात लावतं? बायकोच्या बुटांत हात घातला तर बोटंही सोलवटणारच."

"पण का?" मी न राहवून म्हटलं.

"कारण आणखी एका दिवशी इथला आवाज कोरडा होता." त्यांनी ढमढमकडे पाहिलं. "तूच सांगितलंस. काचेसारखी पावलं."



भावोजी मंचाच्या काठावर बसले. "ती नेहमी कुरकुरायची," ते म्हणाले. "पुढे आलं की माझे पाय हंड्यात वाजल्यासारखे वाजतात, म्हणायची. मला वाटलं, एकदा तिला स्वच्छ आवाज देऊ. निमित्त काही नव्हतं. उगीच. शेवटच्या तालमीनंतर मी रजया कोंबल्या. तिला सांगितलं नाही. म्हटलं, ऐकून तिचं तिलाच कळेल."

ते पुन्हा म्हणाले, "ऐकून तिचं तिलाच कळेल."

"ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पियानो झाकायला म्हणून रजया काढल्या. डोक्यात काही आलं नाही. वर्षभर नाही आलं. आता आपण परत आलो, धाकटीने पहिल्या दिवशी इथे पाय ठेवला आणि ढब्ब झालं. तेव्हा डोक्यात आलं. अंधारात ती कशाच्या आधारावर थांबायची? मी बूट घेतले. रजया घालून वाजवलं, काढून वाजवलं. कळलं मला. पहिल्या फेरीतच कळलं. ओरडून सांगावं असं वाटायचं, आणि धाकटीसमोर आलो की वाचा बसायची."

"मग रोज रोज कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"ती चिर्र," भावोजी म्हणाले. "ती ऐकू यायची ना."

धाकटी दगडासारखी उभी होती. "नाही," ती एकदम म्हणाली. "तुम्ही मला वाचवायला बोलताय. ती माझ्या उत्तरावर चालायची. मी गप्प बसले म्हणून..."

"अग, तू बाजूच्या विंगेत," आत्याबाई म्हणाल्या. "बाजूच्या आवाजावरून समोरचा काठ कसा कळेल? आणि तू कंपनीत यायच्या आधी कित्येक वर्षं ती हा प्रवेश एकटीने करत होती. तेव्हा कोण उत्तर द्यायचं?"

"मग कशावर चालायची?"

आत्याबाई ढमढमकडे वळल्या. "ऊठ रे. जा तिथे काठाशी. आपट पाय."

सासूबाई करकरल्या. ढमढम पुढे गेला. भावोजींनी खाली वाकून पोकळीतल्या रजया ओढून काढल्या. ढमढमने पाय आपटला. ढब्ब.

"ही कुठली फळी?"

"पुढची," ढमढम म्हणाला. "पुढची फळी."

"आणि पाय ठेवला की ती काय करते? तुमच्या भाषेत सांग."

"बोल..." ढमढमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

धाकटीने दोन्ही हात तोंडावर नेले.

मीही तिथेच होतो त्या सकाळी. शब्दांवर जगणारा माणूस मी, आणि मलाही तोच अर्थ लागला होता जो सगळ्यांना लागला. थोरल्यांची फळी, धाकट्यांची फळी, मान आणि अपमान. थोरली मात्र लाकडाबद्दल बोलत होती. सासूबाई नुसता पट्टा आल्याचं सांगायच्या, काठ आल्याचं सांगायची ती काठाशी घुमणारी फळी. पुढची फळी बोलली की थांबायचं. अंधाराच्या प्रवेशाचं सगळं गुपित त्या एका वाक्यात होतं, आणि ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"ती तुला गप्प करत नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा खरखरीत आवाज पहिल्यांदाच कापला. "तू प्रवेश मागितलास. ती तुला तो देत होती. एवढं शीक, मग पुढचं बघू."

धाकटी खाली बसली आणि वर्षभराचं रडली. माझेही डोळे वाहत होते, लपवत नाही. ढमढम तोंड फिरवून नाक पुसत होता. त्याच्या गुडघ्यांचं मी तेव्हाच विचारून घेतलं. तो खड्ड्याचं माप घेत होता. वर जाळी बांधायची होती त्याला, स्वतःच्या खर्चाने. परत कुणी पडायला नको म्हणून. मी त्याची माफी मागितली. माझा त्याच्यावर कशाबद्दल संशय होता ते त्याला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर तो इतका हसला की वातावरण जरा हलकं झालं.

भावोजींनी बूट काढून धाकटीसमोर ठेवले. "मी जातो," ते म्हणाले. "मला इथे बसायचा हक्क नाही."

"थांबा," धाकटी म्हणाली.

६

रविवारी खेळ झाला.

नाट्यगृह भरलेलं होतं. थोडे लोक गोष्टीसाठी आले होते, बरेचसे ती पडली ती जागा बघायला. माणसाची जात. मी विंगेत उभा होतो. माझ्या पायाशी भावोजी गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या हातांत थोरलीचे बूट होते.

हे धाकटीचं सांगणं होतं. त्या दुपारी ती त्यांना म्हणाली होती, "तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं, भावोजी. आणि तुम्ही मला तसंच जळू दिलंत. माफ केलं असं मी म्हणणार नाही, अजून तसं वाटत नाही. पण मी तिच्या जागी गेले तर माझी जागा रिकामी राहते. उत्तर तुम्ही द्यायचं. दर खेळाला. तिच्या बुटांनी." मग बूट त्यांच्याकडे सरकवून म्हणाली होती, "आणि तो स्क्रू आवळायचा नाही."

पडदा वर गेला. दिवे लागले नाहीत.

मागच्या भिंतीपाशी पहिलं पाऊल पडलं. मग दुसरं. धाकटीची चाल थोरलीपेक्षा हलकी आहे, थोडी घाबरी. ती पुढे येत राहिली. मध्ये तिने विचारलं आणि थांबली. तो तसाच लांब थांबा. शेजारी भावोजींचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी अंधारात हात खाली नेऊन त्यांच्या खांद्यावर ठेवला.

टक. टक-टक. टक... चिर्र.

पुढे कुठेतरी पावलं क्षणभर अडखळली. मग पुन्हा चालू झाली, आता घट्ट, मोकळी. सासूबाई करकरल्या. माझ्या मनात नको नको ते येत होतं. खाली जाळी होती, ढमढमने स्वतः ओढून बघितली होती, तरी येत होतं.

ढब्ब.

फळी बोलली, आणि धाकटी थांबली.

दिवा लागला. ती काठावर उभी होती, चेहरा ओला, पाय स्थिर. लोकांच्या तोंडून एकदम श्वास निघाला. मी पुढे होऊन गोष्ट सुरू केली. माझा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, पण लोकांना ते गोष्टीतलंच वाटलं.

खेळ संपल्यावर एक म्हातारी बाई माझ्याकडे आली. "नाचणारी पोर छान होती हो," ती म्हणाली. "पण ती दुसरी? आतून उत्तर देणारी? ती शेवटी नमस्काराला बाहेर का नाही आली? कोण ती?"

मंचावर भावोजी पियानोला रजया पांघरत होते. धाकटी रंगपटात त्या बुटांच्या नाड्यांची गाठ मारून ते खिळ्यावर अडकवत होती.

"तिची थोरली बहीण," मी म्हटलं. "ती बाहेर येत नाही."